महापौरांच्या पायाखालचं स्टूल

मी एक स्टूल बोलतोय. खुर्ची नव्हे, स्टूल. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण महापौरांची गोष्ट म्हटली की सगळे खुर्चीकडेच बघतात. खुर्चीवर माणूस बसतो. माझ्यावर तो उभा राहतो, आणि उभ्या माणसाच्या तळव्यांतून जे कळतं ते बसलेल्या माणसाकडून कळत नाही. बसलेल्या माणसाचं खुर्चीला काय कळत असेल, ते तिचं तिला ठाऊक.

सध्या मी एका बंद भाजीमंडईत आहे. शटर खाली ओढलेलं, दिवे बंद, आणि माझ्या डोक्यावर भिंतीत मेन स्विचची लोखंडी पेटी. गेले काही दिवस इथे रंगकाम चाललं होतं, त्याचा वास अजून गेलेला नाही. उद्या सकाळी ही मंडई उघडणार आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. त्याआधी मला सगळं सांगून टाकायचंय. घाईत बोलतोय, पुढंमागं झालं तर सांभाळून घ्या.

मला घडवलं वायरमनच्या सासऱ्यांनी. वायरमन म्हणजे आमचे महापौर, पण ते फार पुढचं. तेव्हा तो घरोघर जाऊन पंखे, दिवे, बटणं दुरुस्त करायचा आणि सगळी वस्ती त्याला वायरमन म्हणूनच ओळखायची. उंचीनं अगदीच कमी. दिवा बसवायला गेला की घरातल्यांची खुर्ची मागायचा, खुर्चीवर पत्र्याचा डबा ठेवायचा आणि त्यावर चढायचा. त्याच्या बायकोनं एकदा हा प्रकार पाहिला आणि ती तडक माहेरी गेली. "बाबा, ह्यांना एक स्टूल करून द्या," ती वडिलांना म्हणाली. "नाहीतर एक दिवस मला इथंच राहायला यावं लागेल."

सासरे सुतार होते. हाताला कसब होतं पण स्वभाव उतावळा. उरल्यासुरल्या लाकडातून त्यांनी मला एका बैठकीत उभं केलं, चारी पाय टेकवले, दाबून बघितलं. मी जराही हललो नाही. सासरे खूश झाले. घोळ नंतर लक्षात आला. त्यांच्या कामाच्या खोलीची जमीनच एका कोपऱ्याकडे उतरती होती आणि मी नेमका त्या उताराला बरोबर बसलो होतो. बाकी जगातल्या सगळ्या जमिनींवर मी डुगडुगतो.

सासऱ्यांनी हे कधीच कबूल केलं नाही. "स्टूल सरळ आहे, तुमच्या घरची फरशी वाकडी आहे," असं ते जावयाला ठणकावून सांगायचे. जावई बिचारा मान डोलवायचा आणि माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायचा. ती घडी दर वेळी निसटायची. स्वस्थ उभं राहणं माझ्या नशिबातच नाही. वायरमनच्याही नव्हतं. कामावरसुद्धा तो या पायावरून त्या पायावर व्हायचा, म्हणून आमचं जमलं.

त्याचा एक नियम होता. घरमालक म्हणायचा, "मेन बंद केलाय हो, लावा हात." वायरमन हात लावायचा नाही. आधी खिशातून टेस्टर काढायचा, तारेला टेकवायचा, टेस्टरमधला दिवा लागत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच काम सुरू करायचा. एकदा एका निवृत्त मास्तरांना राग आला. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" ते म्हणाले. वायरमन वरूनच म्हणाला, "तुमच्यावर आहे, मास्तर. तारेवर नाही." मास्तर हसले आणि त्यांनी त्याला चहा पाजला.

आणखी एक गोष्ट फक्त मला माहीत होती. खोटं बोलताना त्याच्या पायाची बोटं आत वळायची. "हा पंखा अजून दहा वर्षं बघायला नको," असं तो एखाद्या म्हातारीला सांगायचा आणि रबरी चपलेतूनही मला कळायचं की पंखा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकला तरी पुष्कळ. असं तो क्वचितच बोलायचा, आणि बोलला की दिवसभर चिडचिडा असायचा.

त्याचं राजकारण सुरू झालं रुळांखालच्या भुयारी रस्त्यात. पलीकडे दवाखाना होता. कामाची पाळी संपवून येणाऱ्या नर्स, कारखान्यातले कामगार, शाळेची मुलं, सगळे त्याच रस्त्यानं जायचे, आणि आतले दिवे कित्येक महिने बंद होते. वायरमननं अर्ज देऊन देऊन पाय झिजवले. शेवटी एका संध्याकाळी तो मला घेऊन तिथे गेला, छत बुटकंच होतं, आणि त्यानं एकामागून एक सगळे दिवे स्वतः लावले. शेवटचा दिवा लागतोय तोच पालिकेचे एक साहेब आले. पालिकेच्या तारांना हात लावणं गुन्हा आहे, ते म्हणाले. गर्दी जमली. वायरमन काहीतरी बोलत होता, पण गर्दीत तो दिसतच नव्हता.

"कोण बोलतंय? वर चढ की रे," मागून कुणीतरी ओरडलं.

तो माझ्यावर चढला. "साहेब, दिवा लावायला परवानगी लागते, मान्य," तो म्हणाला. "मग इतके दिवस अंधार ठेवायला कुणाची घेतली होती?"

हशा पिकला, टाळ्या वाजल्या, साहेब निघून गेले. पायाची बोटं अगदी सरळ होती. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. एका माणसाला हातभर उंच करण्याइतकंच माझं काम, पण ते मी केलं होतं.

पुढच्या निवडणुकीत तो नगरसेवक झाला. त्याला निवडून आणलं ते मुख्यतः त्याच्या ताईनं. ताई म्हणजे थोरली बहीण. मंडईत तिचा कांदे-बटाट्यांचा गाळा. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. सगळी वस्ती त्याला वायरमन म्हणायची, ही मात्र छोट्याच म्हणायची. तिनं मंडईतल्या एकूण एक गाळेवाल्यांना सांगून ठेवलं होतं, "छोट्याला मत द्या. काम नाही केलं तर मला येऊन विचारा." आणि तो काम करायचा. स्कूटरच्या पुढ्यात मला उलटं ठेवून गल्लोगल्ली फिरायचा. कोपऱ्यावर थांबायचा, मला मांडायचा, बोलायचा, ऐकायचा, पुन्हा निघायचा. जेवायला घरी यायचं भान नसायचं. त्याचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, ते बायकोनंच सांभाळलं.

महापौर तो झाला ते पक्षातल्या दोन मोठ्या गटांच्या भांडणातून. दोघांनाही आपला माणूस हवा होता, दोघेही दुसऱ्याच्या माणसाला नको म्हणत होते. मग दोघांच्याही मनात एकच आलं, हा लहानसा माणूस आहे, आपल्या खिशात मावेल.

सभागृहातलं भाषणाचं मेज त्याच्या हनुवटीला लागत होतं. त्याच्या दिमतीला दिलेले पीए म्हणाले, "साहेब, छानसा चौथरा करून घेऊ." तो म्हणाला, "कशाला? आपलं स्टूल आहे." तेव्हापासून मी मेजामागे. पीएंनी मला निळं मखमली कापड नेसवलं. समोरून बघणाऱ्याला भारदस्त महापौर दिसायचे, मागून बघणाऱ्याला मी. फोटोवाल्यांना बाजूनं फोटो काढायला सक्त मनाई होती.

त्या दिवसांत मला राग होता तो त्याच्या नव्या बुटांचा. जाड तळाचे, टणक, काळे. त्यांच्यातून काही म्हणजे काही कळेना. तो बोलायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि बोटं सरळ आहेत की वळलीत याचा मला पत्ता नाही. बरं, दिवसभर त्याच्याभोवती एकच शब्द घुमायचा. पाण्याच्या टाकीचं झालं का? झालं, साहेब. शाळेच्या छताचं? तेही झालं, साहेब. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन बघायला दिवसच पुरायचा नाही. टेस्टर कधीचा दुकानाच्या खणात पडून होता.

मंडईची वायरिंग फार जुनी होती. ती बदला म्हणून गाळेवाल्यांनी त्याच्यामागे लकडा लावला होता. ताई तर घरी येऊन बसायची. त्यानं काम मंजूर करून घेतलं, कंत्राटदार आला, काही दिवस मंडईत ठोकाठोक झाली, आणि एक दिवस पीए म्हणाले, "झालं, साहेब." दुसऱ्याच दिवशी माझ्यावर उभं राहून त्यानं भर सभागृहात सांगितलं, की मंडईची संपूर्ण वायरिंग नवी झाली. बाकं वाजली. निवडणूक जवळ आली होती, तेव्हा याच कामासाठी मंडईत मोठा समारंभ करायचं ठरलं.

समारंभाच्या आधीच्या आठवड्यात ताई घरी आली. मी तेव्हा घरीच होतो, बायकोला माळ्यावरचे डबे काढायचे होते म्हणून.

"छोट्या, सगळं नवं केलंस म्हणतोस," ताई म्हणाली. "मग संध्याकाळी सगळ्यांनी दिवे लावले की माझा बल्ब मान का टाकतो? आणि खांबापाशी जळक्या रबराचा वास येतो. मला आपलं वाटतं की काय कोण जाणे."

त्यानं हातातला घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी, मंडई पेंगत असताना, तो एकटाच निघाला. पायांत जुनी रबरी चप्पल, खिशात टेस्टर, काखेत मी. मेन स्विचची पेटी बाहेरून चकचकीत होती. तो चढला, दार उघडलं, आतली झाकणं काढली. झाकणं नवी आणि तारा मात्र त्याच जुन्या. काही काळ्या पडलेल्या, काहींच्या आवरणाचे बोट लावताच पापुद्रे गळत होते. मग मला दोन-तीन खांबांपाशी नेऊन त्यानं तिथल्या तारा बघितल्या, सगळीकडे तेच. शेवटी तो माझ्यावर नुसता उभा राहिला. कधी नव्हे तो एका जागी, हालचाल न करता. मला त्याची भीती वाटली.

पक्षाचे अध्यक्ष त्याच्या कचेरीत आले तेव्हा मी पडद्यामागे होतो.

"मंडई आत्ता बंद करायची?" अध्यक्ष म्हणाले. "अरे, निवडणूक तोंडावर आलीय. गाळेवाले दारात उभं तरी करतील का आपल्याला? निवडणूक होऊ दे, मग बदल सगळं."

"तोवर आग लागली तर?"

"इतकी वर्षं लागली का?"

 आग लागेलच असं कुणी छातीठोकपणे सांगू शकतं का? लागणार नाही असंही सांगता येत नाही, एवढंच.

घरी आला तो येरझाऱ्या घालायला लागला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, एक तर बोला, नाहीतर बसा. मला गरगरायला लागलंय," ती म्हणाली.

"मी सगळ्यांसमोर सांगून बसलोय, झालं म्हणून. न बघता."

"मग पुन्हा सांगा, झालं नाही म्हणून. आधीचं ज्या तोंडानं सांगितलंत, त्याच तोंडानं."

"आणि ताईनं काय करायचं? बाकीच्यांनी? मंडई बंद केली तर खायचं काय त्यांनी?"

तिनं हातातली घडी मोडून पुन्हा घातली. "ते मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "पण त्या दिवसभर तिथंच असतात हो."

समारंभाच्या दिवशी मंडई माणसांनी फुलली होती. वर रंगीत दिव्यांच्या माळा, मोठमोठे कर्णे, पंखे, आणि सगळं त्याच तारांवर. मला मेजामागे मांडलं. पुढच्या रांगेत ताई बसली होती. पीएंनी लिहून दिलेलं भाषण हातात घेऊन तो माझ्यावर चढला. पायांत तेच काळे बूट. पण त्या दिवशी मला बुटांतूनही कळलं. बोटं इतकी आत वळली होती की तो जवळजवळ टाचांवरच उभा होता.

"आपली ही मंडई आता संपूर्ण..." त्यानं वाचलं आणि तो थांबला. वरच्या माळा एकदम मंद झाल्या आणि पुन्हा उजळल्या. काहींना ती सजावटच वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो खाली उतरला. महापौर एवढे बुटके आहेत हे पुष्कळांना तेव्हाच कळलं, काही जण हसलेसुद्धा. त्यानं माझ्यावरचं निळं कापड ओढून टाकलं, मला उचललं आणि गर्दीतून वाट काढत थेट भिंतीशी आला. "साहेब, भाषण अर्धवट राहिलंय," म्हणत पीए मागे धावत होते. त्यानं मला पेटीखाली टेकवलं, वर चढला आणि मेन स्विच खाली ओढला.

दिवे गेले, कर्णे बंद पडले. कर्ण्याशिवाय, मोठ्यानं तो म्हणाला, "वायरी जुन्याच आहेत. मला झालं म्हणून सांगितलं आणि मी न बघता तुम्हाला सांगितलं. चूक माझी आहे. वायरी बदलेपर्यंत मंडई बंद."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. कुणीतरी फेकलेला टोमॅटो माझ्या पायावर येऊन फुटला. ताई गर्दीतून पुढे आली. ती ओरडली नाही. "छोट्या, आमचं पोट आहे रे हे," एवढंच म्हणाली आणि वळली. पोलिसांनी त्याला मधे घेऊन बाहेर काढलं. मला घ्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. शटर पडलं आणि मी इथंच राहिलो.

पुढचं सगळं मला शटरपलीकडून कळलं. पक्षानं त्याला वाऱ्यावर सोडलं. तो निवडणूक हरला. नवे महापौर उंच आहेत म्हणे, त्यांना माझी गरज नाही. वायरी कुणी बदलायच्या यावर इतके दिवस नुसती टोलवाटोलवी चालली. गाळेवाले बाहेर रस्त्यावर उन्हात बसतात. ताई बरोबर शटरला पाठ लावून बसते, तिच्या तराजूचा आवाज मला ओळखू येतो.

आणि आग काही लागली नाही. कशी लागणार, स्विच बंद आहे. पण न लागलेल्या आगीबद्दल कोण कुणाचे आभार मानतं? लोक म्हणतात, नाटकी माणूस, मिरवायला म्हणून आमच्या पोटावर पाय दिला. ऐकून ऐकून मलाही शंका यायची. इथल्या अंधारात वाटायचं, कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित तो आज माझ्यावर उभा राहून बोलत असता. या विचारानं मी किती तळमळलोय ते कुणाला सांगू?

तो आता पुन्हा दुकानात बसतो. रोज सकाळी रबरी चपलांचा आवाज येतो, तो ताईपुढे चहाचा पेला ठेवतो, ती बोलत नाही, आणि आवाज दूर जातो.

मग रंगवाले आले. त्यांनी भिंती रंगवल्या, खांब रंगवले, माझ्यावर उभे राहून ही पेटीसुद्धा हिरवी करून टाकली. दार न उघडता, वरूनच. रंग वाळून दार चौकटीला चिकटलंय. या पेटीखालून मी एकदाही हललेलो नाही. आतल्या तारेला कुणाचा हात लागलेला नाही, हे मी अगदी छातीवर हात ठेवून सांगतो, मला हात असते तर.

आज सकाळी बाहेर पालिकेचा माणूस आला. "उद्या उद्घाटन आहे," तो म्हणाला. "नवे साहेब येऊन स्विच चालू करतील. सकाळीच माल लावून घ्या, बाई. सगळं झालंय."

"कुणी बघितलं?" ताईनं विचारलं.

"बघायचं काय त्यात? झालंय."

तो गेला. थोड्या वेळानं रबरी चपला आल्या, पेला खाली टेकला. चपला वळणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "छोट्या."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी कान टवकारले.

"तू आत जाऊन बघून ये," ती म्हणाली. "तू हो म्हणालास तर मी माल लावते."

"ताई, मी आता कोण? मला आत कोण सोडणार?"

"मग मीही आत जात नाही. इथंच बसते."

"ऊन वाढत चाललंय, ताई."

"असू दे."

शेजारच्या लिंबूवाल्यानं खाकरून घसा साफ केला आणि म्हणाला, "वायरमन, बघून या की. मीही थांबतो तोवर."

 बराच वेळ नुसत्या चपला वाजत राहिल्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

तर माझं मागणं एवढंच आहे. उद्याच्या समारंभाला तुमच्यापैकी कुणी येणार असेल, तर शटर वर जाताच गर्दीत नीट बघा. तो बुटका आहे, चटकन दिसणार नाही. त्याला सगळ्यांच्या आधी आत सोडा आणि हातात एक टॉर्च द्या. पेटीचं दार रंगानं चिकटलंय, जरा जोर लावावा लागेल. मी तिच्याखालीच उभा आहे. त्याला माझ्यावर चढू द्या, आणि तो खाली उतरून ताईशी बोलेपर्यंत स्विचला कुणी हात लावू नका.